नवीन सिलिंडरच्या कास्टिंगमध्येच बारीक भोकं निघाली, बुजवून चालेल का?

रानकटर_५२

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. माझा ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रशकटर आहे, ४४ मिमीचा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक), हेड आणि सिलिंडर एकाच कास्टिंगमध्ये असतं तसला. मागच्या सीझनला चालता चालता जाम झाला. उघडून बघितलं तर पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडलेला आणि सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम लेपाटलेलं. म्हणून डुप्लिकेट सिलिंडर आणि पिस्टन-रिंगचा सेट आणून बसवला.

चालू झाला, पण आयडलला थाराच नाही. गरम झाला की आपोआप रेस चढते, चोक थोडा ओढून ठेवला की शहाण्यासारखा चालतो, चोक सोडला की परत तेच. एल स्क्रू (कार्बोरेटरचा, आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) कितीही सोडला तरी फरक नाही. कार्बोरेटरचा डायफ्रॅम किट बदलला, इनटेकची गॅस्केट बदलली, क्रँकचे दोन्ही ऑइल सील नवीन टाकले, तरी जैसे थे.

शेवटी प्रेशर टेस्ट केली. इनटेक आणि एक्झॉस्टवर सायकलच्या ट्यूबचा रबर ठेवून वर पत्रा आवळला, पिस्टन एकदम खाली नेला आणि प्लगच्या भोकातून बीपी मशीनचा रबरी पंप आणि डायल जोडला. ३०० पर्यंत हवा भरली, म्हणजे साधारण ०.४ बार. वीस सेकंदात काटा खाली. साबणाचं पाणी लावत फिरलो, सील कोरडे, बेस गॅस्केट कोरडी, आणि मग खालून दुसऱ्या फिनच्या (सिलिंडर थंड करणाऱ्या बाहेरच्या पात्यांच्या) मुळाशी, डाव्या ट्रान्सफरचा (क्रँककेसमधून मिश्रण वर नेणाऱ्या वाटेचा) फुगवटा आहे ना तिथे, एकामागून एक बारीक बुडबुडे. भिंग लावून बघितलं तर सुईच्या टोकाएवढं भोक, शेजारी आणखी दोन तसलीच.

मग सिलिंडर काढून आतून बघितला. बोअरमध्ये पण दोन खड्डे आहेत, एक एक्झॉस्ट पोर्टच्या खाली, तो अगदीच किरकोळ, आणि दुसरा पोर्टच्या वर ६ मिमीवर, अर्धा मिमी रुंद असेल, म्हणजे रिंग रोज त्याच्यावरून जाणार. ज्याच्याकडून आणला तो म्हणतो एकदा चालवलेला माल परत होत नाही.

आता बाहेरची भोकं इपॉक्सीने बुजवली तर टिकतील का? का टिग वेल्डिंग करून घेऊ? आणि तो आतला खड्डा, त्याचं काय करायचं? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, सिलिंडर टाकून द्यायला जीव होत नाही.


जुना_टर्नर

आधी एक सांगतो, तू प्रेशर टेस्ट केलीस हे फार चांगलं केलंस. शंभरातले बरेच जण कार्बोरेटर बदलत बसतात आणि इंजिन दुसऱ्यांदा जाम झाल्यावर कळतं की हवा दुसरीकडूनच शिरत होती.

तुझ्या डोक्यात सगळी भोकं एकाच पंक्तीत बसलीत, ती आधी वेगळी कर. कास्टिंगच्या भोकाचं मोठेपण बघायचं नसतं, ते जातं कुठे ते बघायचं असतं. ट्रान्सफरचा रस्ता क्रँककेसशी जोडलेला असतो, पिस्टन वर जाताना तिथे ओढ बसते आणि त्या सुईएवढ्या भोकातून बाहेरची हवा आत येते. ती हवा कार्बोरेटरने मोजलेली नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, रेस चढते, चोक ओढला की पेट्रोल वाढतं म्हणून बरं वाटतं. तू सांगितलेलं प्रत्येक लक्षण त्या भोकाचंच आहे. आणि पातळ मिश्रणात पेट्रोलबरोबर ऑइलही कमी येतं, वर इंजिन तापतं, म्हणून हे भोक न बुजवता एक टाकीसुद्धा चालवू नकोस.

बोअरमधला खड्डा ही निराळी गोष्ट. तो आतल्या आत बंद असेल तर हवेच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही, फक्त रिंगच्या दृष्टीने बघायचं. पण तो फिनपर्यंत पोचला असेल तर मग सिलिंडर बाद समज. हे तपासायची जुनी पद्धत आहे, पैसे लागत नाहीत. सिलिंडर उलटा कर, प्लग बसवलेला ठेव, बाहेरून त्या भागात फिनच्या मधे खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप दे आणि वाळू दे. मग आतून रॉकेल ओत, एक्झॉस्ट पोर्टच्या काठाच्या जरा खालीपर्यंत, म्हणजे खड्डा बुडेल आणि पोर्टमधून सांडणार नाही. रात्रभर ठेव. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी चिवटपणे फटीत शिरतं, रस्ता असेल तर सकाळी पांढऱ्या लेपावर तेलकट डाग दिसेल. डाग नसेल तर खड्डा आंधळा आहे.

हे करून ये मग पुढचं बोलू.


ओतकाम

मी ॲल्युमिनियमच्या फाउंड्रीत बरीच वर्षं काढलीत त्यामुळे ही भोकं येतात कुठून ते जरा सांगतो, कारण ते कळलं की बुजवायचं कसं ते आपोआप कळतं.

वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो, आणि तो येतो मुख्यतः ओलाव्यातून, ओलं भंगार, ओला साचा, दमट हवा, न तापवलेली कडछी, काहीही चालतं त्याला. गंमत अशी की ६६० अंशाला धातू गोठतो तेव्हा घट्ट धातूत जेवढा हायड्रोजन मावतो त्याच्या जवळजवळ वीसपट रसात मावत असतो. म्हणजे गोठताना उरलेला सगळा बाहेर यायला बघतो आणि वाट मिळाली नाही की तिथेच बुडबुडा होऊन अडकतो. असलं भोक गोल असतं, आतून गुळगुळीत, चकचकीत.

दुसरा प्रकार आकसण्याचा. ॲल्युमिनियम गोठताना आकारमानात साधारण ६ ते ७ टक्के आकसतं. जिथे भिंत जाड आहे तो भाग सगळ्यात शेवटी गोठतो, आणि तोपर्यंत त्याला रस पुरवणारा पातळ भाग आधीच गोठून वाट बंद झालेली असते. मग मधे पोकळी राहते, वेडीवाकडी, काटेरी, एकातून दुसरी निघालेली, स्पंजसारखी. तुझं भोक ट्रान्सफरच्या फुगवट्याच्या मुळाशी आहे म्हणतोस, तिथे फिन, भिंत आणि फुगवटा असे तिन्ही एकत्र येतात, जाडी वाढते, त्यामुळे मी तर न बघता सांगेन की हे आकसण्याचं आहे. एका ठिकाणी तीन भोकं दिसतायत ती आतून एकच असण्याची शक्यता खूप. म्हणून एक बुजवून दोन सोडायची नाहीत, सगळा पट्टा धरायचा.

आता बोअरमध्ये खड्डे का दिसतात तेही यातच आहे. साच्याला टेकलेला धातू झटकन गोठतो आणि वरची कातडी घट्ट निघते, पोकळ्या सगळ्या त्या कातडीच्या आत. बोअरिंग करताना नेमकी ती चांगली कातडीच कापली जाते आणि आतलं उघडं पडतं. कास्टिंग बाहेरून कितीही सुंदर दिसलं तरी मशीनिंग झाल्याशिवाय खरं कळत नाही ते यासाठी. वर पुन्हा प्लेटिंग. निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचं ते प्लेटिंग, माले कंपनीने १९६७ साली निकासिल नावाने आणलं, मुळात वँकेलच्या रोटरी इंजिनात टोकाचे सील थेट ॲल्युमिनियमवर घासता यावेत म्हणून. चीज उत्तम आहे, पण त्याचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा, तो खड्डा भरून काढत नाही, खड्ड्याच्या आकारानेच बसतो. उलट पोकळीत प्लेटिंगच्या बाथचं पाणी अडकून राहिलं तर नंतर गरम झाल्यावर कडेचं प्लेटिंग सुटायला लागतं. तेव्हा खड्ड्याची कड भिंगातून नीट बघ.

वेल्डिंगचा विचार सोडून दे. प्रेशर डायकास्टिंग असेल तर त्यात हवा दाबाखाली कोंडलेली असते, टॉर्च लावला की ती फुगून वर येते आणि रस उकळल्यासारखा फेसाळतो, एक भोक बुजवायला जातो आणि पाच होतात. त्यात हा सिलिंडर चाललेला आहे म्हणजे पोकळीत ऑइल मुरलंय. आणि बोअरपासून चार-पाच मिमीवर एवढी उष्णता दिली तर बोअर वाकडा होणार आणि प्लेटिंगही उकलू शकतं, आणि प्लेटिंगचा बोअर परत साध्या होनने (बोअर आतून घासायच्या दगडांनी) सरळ करता येत नाही, त्याला डायमंड लागतो. साच्यात ओतलेलं, जाड, बिनप्लेटिंगचं काही असतं तर सिलिकॉनवाली फिलर रॉड घेऊन, आधी दीड-दोनशे अंश तापवून केलंही असतं. इथे नको.


रिंगवाला

इपॉक्सीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मी दोन चेनसॉच्या सिलिंडरना बाहेरून मेटल इपॉक्सी लावली होती, एक चार सीझन चालला, एक दुसऱ्याच महिन्यात सुटला. दोन्हीला एकच ट्यूब, एकच हात. फरक एवढाच की पहिला मी नीट घाम गाळून साफ केला होता आणि दुसऱ्याला पेट्रोलने पुसून लगेच थापलं.

ऑइल मुरलेलं ॲल्युमिनियम वरून पुसून साफ होत नाही. ॲसिटोनने धुवायचं, मग हीट गनने हात लावता येणार नाही इतकं तापवायचं, तापलं की भोकाभोवती ऑइलचा डाग वर येतो, तो पुसायचा, थंड करायचं, परत ॲसिटोन. माझ्या चांगल्या टिकलेल्या सिलिंडरला हे मी सहा वेळा केलं, पाचव्यांदासुद्धा भोकाभोवती ओलसर कडं आलं होतं, सहाव्यांदा कोरडं राहिलं. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आजूबाजूचा भाग खरवडला, इपॉक्सीला धरायला खडबड लागते.

पण सुईएवढ्या भोकाला माझ्या मते इपॉक्सी चुकीची वस्तू आहे. ती घट्ट असते, आत शिरतच नाही, वर टोपी घालून बसते. त्यापेक्षा बसलेल्या नट-बोल्टच्या आट्यात झिरपणारं जे हिरवं पाण्यासारखं पातळ थ्रेडलॉकर येतं ना, लॉक्टाइट २९० त्या जातीचं, ते घ्या. वेल्डिंगमधली आणि कास्टिंगमधली पिनहोल बुजवायला तेच वापरतात. साधारण १५० अंशापर्यंत टिकतं, खालच्या फिनच्या मुळाशी तेवढं तापत नाही सहसा, एक्झॉस्टच्या स्टडजवळ असतं तर मी नाही म्हटलं असतं.


ओतकाम

रिंगवाले, बरोबर बोललात. फाउंड्रीत हेच मोठ्या प्रमाणावर करतात, कास्टिंग टाकीत ठेवून व्हॅक्यूमने पोकळ्यांतली हवा ओढून घ्यायची, मग पातळ रेझिन सोडायचं, ते आत जातं, वरचं धुऊन टाकायचं आणि ९० अंशाच्या आसपास गरम पाण्यात पक्कं करायचं. चांगल्या चांगल्या कंपन्यांचे इंजिनाचे भाग यातून जातात, त्यात कमीपणा काही नाही. घरी तेच छोट्या रूपात करता येतं. सगळे पोर्ट बंद करून आतून व्हॅक्यूम लावा आणि बाहेरून भोकावर थेंब सोडा, थेंब आत ओढला जाताना डोळ्यांना दिसतो. फक्त हे रसायन हवा नसलेल्या जागी आणि धातूच्या संपर्कात सेट होतं, आणि ॲल्युमिनियम त्या बाबतीत थंड आहे, लोखंडाइतकं पटकन होत नाही. ॲक्टिव्हेटर मिळाला तर बरं, नाहीतर पूर्ण २४ तास हात लावू नका.

आणि भोक रुंद असेल, म्हणजे थेंब सरळ आत टपकत असेल, तर हे चालणार नाही, मग इपॉक्सीच.


होन_आणि_बोअर

मला एक विचारायचंय, लायनर टाकायचा पर्याय कोणी बोललं नाही? बोअरमध्ये खड्डा असेल तर बोअर मोठा करून आत बीडाचा लायनर, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवला की खड्डाही गेला आणि प्लेटिंगची कटकटही गेली.


जुना_टर्नर

लायनर मी आयुष्यभर टाकत आलोय, म्हणूनच सांगतो की या सिलिंडरला नको. टू-स्ट्रोकच्या लायनरला इनटेक, एक्झॉस्ट, दोन्ही ट्रान्सफर अशा सगळ्या खिडक्या कापाव्या लागतात आणि त्या कास्टिंगच्या खिडक्यांशी तंतोतंत जुळाव्या लागतात. पोर्टची वरची कड अर्धा मिमी इकडेतिकडे झाली की टायमिंग बदललं. शिवाय हेड एकत्र असलेला सिलिंडर, एका बाजूने बंद, आत बोअरिंग करणंच अवघड.

आणि लायनर नुसता ठोकून बसत नाही, त्याचं गणित असतं. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला २३ मायक्रॉन फुगतं, बीड साधारण ११. ५० मिमी बाहेरच्या व्यासाचा लायनर धर आणि इंजिन थंडीपेक्षा १०० अंशाने तापलं असं धर, तर ॲल्युमिनियम लायनरपेक्षा ०.०६ मिमी जास्त फुगणार. म्हणजे थंडपणी तेवढीच आवळ ठेवली तर गरम झाल्यावर लायनर मोकळा. त्याहून जास्त ठेवायला पाहिजे, ०.०८ वगैरे. मग बसवताना सिलिंडर २०० अंशाला तापवायचा, तेव्हा त्याचा बोअर ०.२ मिमी उघडतो आणि थंड लायनर हाताने सोडला तर टप्पकन खाली जातो. दोन सेकंदात तो पकडतो, तिरका गेला तर संपलं. पातळ भिंतीच्या छोट्या सिलिंडरला ही आवळ सहन होईलच असं नाही, त्यात आधीच स्पंजसारखं कास्टिंग.

बीडाच्या फोर-स्ट्रोकला मात्र लायनरच, आणि वेळेवर. माझं झालेलं सांगतो. पाण्याच्या पंपाचं फोर-स्ट्रोक इंजिन होतं, बीडाचा बॅरल, पहिल्या बोअरिंगला ०.५० ओव्हरसाइज केलं. होनिंग करताना मधेच एक काळा ठिपका दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. मी म्हटलं आणखी अर्धा मिमी काढला की जाईल, १.०० चा पिस्टन मागवला, बोअर केला आणि तो ठिपका तुरीएवढा झाला, आत सळई घातली तर तीन मिमी खाली गेली. पोकळी भिंतीच्या मधोमध मोठी असते आणि मी तिच्याकडेच खणत चाललो होतो, ओतकामवाल्यांनी वर जे कातडीचं सांगितलंय ना तेच. मालकाला दोन वेळा बोअरिंग आणि एक पिस्टन फुकट गेला, तो पिस्टन मी माझ्या खिशातून भरला. तेव्हापासून बोअरमध्ये नवीन ठिपका उघडा पडला की मी थांबतो, तो मोठा होतोय का लहान होतोय ते एक अगदी हलका कट घेऊन बघतो, आणि मोठा होत असेल तर सरळ लायनर.


पोर्ट_टायमिंग

सिलिंडर उघडाच आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या, यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. एक, ट्रान्सफरच्या आत बोट घालून फिरवा. साच्याच्या सांध्यावर रस बाहेर येऊन पातळ पत्र्यासारखी फ्लॅश राहते, कधी अर्धा रस्ता अडवते, आणि कधी चालताना तुटून थेट पिस्टन आणि भिंतीच्या मधे जाते. रेतीचा कोअर वापरलेलं कास्टिंग असेल तर कोपऱ्यात भाजलेली रेती चिकटलेली असते, ती गरम पाणी, साबण आणि लवचिक तारेच्या ब्रशने निघेपर्यंत धुवायची. फ्लॅश डाय ग्राइंडरने काढताना बर (ग्राइंडरचं कापणारं टोक) नेहमी बोअरकडून पोर्टच्या आत असा फिरेल ते बघा, उलट फिरला तर प्लेटिंगची कड उचलली जाते. आणि पोर्टच्या वरच्या कडेची उंची वाढवू नका, फक्त धार मारायची, अर्ध्या मिमीपेक्षा कमी.

दोन, फिनच्या मधे बघा. फिनच्या मधलीही फ्लॅश पडद्यासारखी उभी असते आणि हवेची वाट बंद करते, मग तेवढाच भाग तापतो. छोट्या विमानांच्या एअरकूल्ड इंजिनांमध्येसुद्धा लोक ही फ्लॅश काढून टेंपरेचर खाली आणतात. हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा पुरतो. फक्त तुमच्या भोकाजवळ खरवडू नका, कातडी गेली तर नवीन भोकं उघडी पडतील.


रानकटर_५२

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी मनापासून लिहील असं वाटलं नव्हतं. सांगितलं ते सगळं केलं, दहा दिवस लागले.

आधी रॉकेल टेस्ट. टर्नरकाकांनी सांगितलं तसा लेप दिला, रात्री रॉकेल भरून ठेवलं. सकाळी एक्झॉस्टच्या बाजूचा लेप कोराच्या कोरा, एक टिपकासुद्धा नाही. म्हणजे आतला खड्डा आंधळा. मग भिंगातून कड बघितली, प्लेटिंग खड्ड्याच्या आत गोल वळलेलं दिसतंय, उचललेलं नाही. कापसाचा बोळा त्यावरून चारही बाजूंनी ओढला, एकही धागा अडकला नाही. खालच्या खड्ड्यावर मात्र एका बाजूने एक धागा अडकला.

ट्रान्सफरच्या भोकांसाठी तापवणं, ॲसिटोन, पुसणं असं सात वेळा केलं. ओतकामदादा, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, तीन भोकं एकच आहेत, एकावर ॲसिटोन टाकलं की थोड्या वेळाने दुसऱ्यातून ओलं दिसायचं. ब्रेकचं ऑइल काढायचा हाताचा व्हॅक्यूम पंप मित्राकडून आणला, सिलिंडर परत बसवून पोर्ट बंद केले, आतून ओढ लावली आणि हिरवा थेंब सोडला. दिसतो हो खरंच, थेंबाचं पोट आत जातं आणि तो सपाट होतो. एकूण पाच थेंब प्याला, सहावा तसाच उभा राहिला. मग २४ तास हात लावला नाही.

काल प्रेशर टेस्ट केली, ३०० वर दहा मिनिटं ठेवला, काटा ढिम्म.

आता खालच्या खड्ड्याला जिथे धागा अडकतो त्याचं काय करू?


रिंगवाला

एकदम छान काम केलंत. प्रेशर टेस्ट झाली तशी व्हॅक्यूम टेस्टही करा, विसरू नका. क्रँकच्या सीलची ओठासारखी कड आतून दाब आला की शाफ्टवर आणखी दाबली जाते आणि सील चांगला आहे असं दाखवते, ओढ लागली की तीच कड सुटते. तुमच्याकडे पंप आहेच आता.


जुना_टर्नर

धागा अडकतो त्या जागी प्लेटिंगची धार उभी आहे. होन फिरवू नकोस, साधा दगड त्या प्लेटिंगला नीट कापत नाही आणि बाजूच्या भिंतीला नको ते ओरखडे देतो. डायमंडची बारीक सुई-फाइल किंवा डायमंडचं छोटं टोक घे, हाताने, मशीनने नाही, आणि कडेवरून खड्ड्याच्या आतल्या दिशेने चार-पाच हलके हात मार. परत बोळा ओढ. धागा अडकायचा थांबला की थांब, खड्डा सुंदर करत बसू नकोस. तो पोर्टच्या खाली आहे, तिथे ज्वलनाचा दाब नसतो, राहिला तर राहू दे, उलट थोडं ऑइल धरेल. इपॉक्सी मात्र बोअरच्या आत कुठेही भरू नकोस, ती सुटली की चुरा पिस्टन आणि रिंगच्या मधेच जाणार.

आणि माझ्या मनात पहिल्यापासून एक आहे ते आता विचारतो. जुना सिलिंडर जाम का झाला होता? नवीन सिलिंडरच्या भोकाचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो आधीचा आहे. ते कारण तसंच राहिलं असेल तर या सिलिंडरचीही तीच गत.


रानकटर_५२

सील. जुने काढलेले सील अजून डब्यात होते, तुम्ही विचारलंत म्हणून बघितले, फ्लायव्हीलच्या बाजूचा कडक होऊन त्याच्या ओठाला चीर गेलीय. मी नवीन टाकले होते पण या कारणाने नाही, आयडलच्या मागे लागून टाकले होते. व्हॅक्यूम टेस्ट आत्ताच केली, धरतोय.


ओतकाम

म्हणजे जुना सिलिंडर कास्टिंगच्या दोषाने गेलेला नाही. मग तो आहे का अजून? टाकला नसेल तर तो बघा, त्यावर जे लेपाटलंय ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे आणि खालचं प्लेटिंग बहुतेक वेळा शाबूत असतं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, निकेलला किंवा क्रोमला काही करत नाही. इअरबडला सोड्याचं पाणी लावून फक्त त्या पट्ट्यावर फिरवायचं, पोर्टच्या कडांना अजिबात लागू द्यायचं नाही कारण तिथे मूळ ॲल्युमिनियम उघडं आहे. लावलं की फसफसतं, तो हायड्रोजन आहे, त्यामुळे मोकळ्या हवेत करा, जवळ काही पेटतं नको, चष्मा आणि हातमोजे घालून, आणि डोळ्यात उडालं तर सोड्यासारखं वाईट काही नाही हे लक्षात ठेवा. फसफसणं थांबलं म्हणजे लेप संपला आणि खाली प्लेटिंग लागलं. एखाद्या जागी थांबतच नसेल तर तिथलं प्लेटिंग गेलेलं आहे आणि तुम्ही सिलिंडरच खाताय, लगेच भरपूर पाण्याने धुवा.


रानकटर_५२

मंडळी अपडेट देतो, तीन आठवडे झाले. खालच्या खड्ड्याची कड डायमंड फाइलने मारली, धागा अडकायचा थांबला. बुजवलेल्या सिलिंडरवर इंजिन बसवलं, पहिल्या किकला नाही पण तिसऱ्याला लागलं आणि आयडल असा लागला की चोकला हातच लावावा लागला नाही, कितीतरी महिन्यांनी तो एकसारखा आवाज ऐकला. पाच टाक्या झाल्या. प्लगचा रंग मातकट तपकिरी. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टन बघितला, उभी एकही रेघ नाही. परत ३०० ची टेस्ट केली, थंड असताना आणि गरम असताना दोन्ही, गरम असताना दहा मिनिटांत काटा १० ने खाली आला, थंड असताना जागचा हलला नाही.

जुना सिलिंडर माळ्यावर होता. सोड्याने साफ केला, चार वेळा लावलं, चौथ्यांदा फसफसलं नाही. खाली प्लेटिंग अखंड, राखाडी, होनच्या तिरप्या रेघा अजून दिसतायत. ट्रान्सफरच्या मुळाशी भिंगातून बघितलं, एकही भोक नाही. त्यासाठी चांगल्या रिंगा आणि पिस्टन मागवलाय.


जुना_टर्नर

गरम असताना १० खाली आला ते लिहून ठेव तारखेसह, आणखी दहा तास चालवल्यावर परत मोज. वाढत असेल तर जुना सिलिंडर बसवून टाक, याची वाट बघू नकोस. आणि जुना बसवताना पिस्टनचा माप बोअरशी मायक्रोमीटरने जुळवून घे, डब्यावरच्या नंबरवर विश्वास ठेवू नकोस.